स्क्रोल सॉसाठी स्वतःचं डिझाइन कसं बनवायचं? कागदावर, मोबाइलवर आणि कॉम्प्युटरवर

‘नगर’ हा शब्द लाकडी फळीत आरपार कापून दाखव, असं कुणी सांगितलं तर नवशिक्यालाही ते जमेल. ‘अहिल्यानगर’ कापायला घेतलं की मात्र गोची होते. ‘ल्या’मधल्या ‘य’च्या पोटातला लाकडाचा तुकडा टपकन खाली पडतो आणि ‘य’च्या जागी नुसतं भगदाड उरतं. ‘हि’च्या वेलांटीची कमान दोन्ही टोकांनी शिरोरेषेला टेकलेली असेल, तर तिच्या आतला तुकडाही जातो. करवत चांगली होती, हातही स्थिर होता. चूक झाली ती फळीला करवत लागण्याच्या आधी, कागदावर.

२०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव बदललं आणि दुकानांच्या, संस्थांच्या पाट्या नव्याने करायची वेळ आली. त्यात २०१८ च्या बंदीनंतर थर्माकोलची मखरं गेली आणि प्लाय किंवा एमडीएफमधून कापलेली जाळीची मखरं आली. त्यामुळे गावागावात छोटी कामं करणारी पोरं दिसतात. मशीन मिळतं, लाकूड मिळतं. डिझाइन मात्र बहुतेक जण गुगलवरून उतरवतात, आणि ते बाहेरच्या देशातल्या माणसाने इंग्रजी अक्षरांसाठी बनवलेलं असतं. त्यात आपलं नाव बसवायला गेलं की गडबड होते. म्हणून हा लेख. तुमच्याकडे कॉम्प्युटर नसला, फक्त फोन असला, तरी यातलं बरंचसं करता येईल.

आधी मशीन समजून घेऊ

स्क्रोल सॉ म्हणजे टेबलावर ठेवायची बारीक करवत. शिलाई मशीनच्या सुईसारखं एक पातळ पातं उभं वर-खाली होत राहतं. आपण फळी दोन्ही हातांनी धरून पात्याभोवती फिरवायची. पातं जागचं हलत नाही, फिरते ती फळी. हाच प्रकार हाताने करायची करवतही असते. यू आकाराची लोखंडी कमान आणि तिच्यात ताणलेलं पातं. शाळेत हस्तकलेच्या तासाला काहींनी ती पाहिली असेल. दोन्हींसाठी डिझाइनचे नियम एकच.

डिझाइन करणाऱ्याने मशीनच्या तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या.

पहिली म्हणजे पात्याची जाडी. पात्यांना नंबर असतात, नंबर जितका मोठा तितकं पातं रुंद. नेहमीच्या कामाचं पाच नंबरचं पातं अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडं कमी लाकूड खातं. म्हणजे कागदावर दोन मिमी जाड मार्करने रेघ मारली, तर तुम्ही तिच्या आतल्या कडेने जाणार, मधून जाणार की बाहेरच्या कडेने, हे तुम्हालाही कळणार नाही. कापायची रेघ पाव मिमीच्या आसपास ठेवा. बॉलपेनची चालते, मार्करची नाही.

दुसरी म्हणजे आतली भोकं. फळीच्या मधलाच भाग काढायचा असेल तर आधी ड्रिलने भोक पाडायचं, पातं एका टोकाने सोडवायचं, भोकातून ओवायचं, पुन्हा अडकवून ताणायचं, मग कापायचं. जाळीत चाळीस गाळे असतील तर हे चाळीस वेळा. सपाट टोकाच्या पात्याला दीड मिमीचं भोक पुरतं. टोकाला आडवी पिन असलेल्या पात्याला मात्र चार-पाच मिमीचं मोठं भोक लागतं. तुमच्या मशीनला पिनचीच पातं बसत असतील तर सहा मिमीपेक्षा लहान गाळा डिझाइनमध्ये काढूच नका. कागदावर सुंदर दिसेल, पण पातं आत जाणारच नाही.

तिसरी म्हणजे मशीनचा घसा, म्हणजे पात्यापासून मागच्या खांबापर्यंतचं अंतर. सोळा इंची मशीन म्हणजे सुमारे ४०० मिमी. पाटी तीन फुटांची असेल तर ती फिरवताना मागे आपटते. अशी पाटी दोन तुकड्यांत काढायची आणि सांधा दोन शब्दांच्या मधल्या मोकळ्या जागेत टाकायचा.

बेट आणि जोड

आता खरा मुद्दा. स्क्रोल सॉचं डिझाइन हे चित्र नसतं. काय राहणार आणि काय पडणार याचा तो नकाशा असतो. कागदावर काळा आणि पांढरा असे दोनच रंग ठेवायचे. काळं म्हणजे कापून टाकायचं, पांढरं म्हणजे लाकूड. पांढऱ्याचा प्रत्येक कण कुठून ना कुठून बाकीच्या पांढऱ्याला जोडलेला असला पाहिजे. चारी बाजूंनी काळ्याने वेढलेला पांढरा तुकडा म्हणजे बेट, आणि बेट पडतं. ते वाचवायचं तर काळ्यातून एक पांढरी पट्टी काढून त्याला किनाऱ्याशी बांधायचं. ती पट्टी म्हणजे जोड.

हे तुम्ही लहानपणापासून पाहिलंय. रांगोळीचा प्लॅस्टिकचा छाप आठवा. फुलाच्या पाकळ्यांमध्ये बारीक पट्ट्या सुटलेल्या असतात, म्हणून मधला गोल जागेवर राहतो. पोत्यावर पत्र्याच्या छाप्याने आकडे मारतात, त्यात आठचा आकडा मधेच तुटलेला दिसतो, तोही यामुळेच.

बेटं ओळखायची एक सोपी युक्ती आहे आणि ती कुठल्याही चित्रकलेच्या ॲपमध्ये चालते. काळं-पांढरं डिझाइन उघडा, रंगाची बादली घ्या आणि फळीच्या कडेजवळच्या पांढऱ्या भागावर एकदाच टॅप करा. समजा लाल रंग ओतला. जिथे जिथे लाल पोहोचला ते लाकूड शाबूत राहणार. जे पांढरंच राहिलं ते सगळं जमिनीवर पडणार. बास. दोन सेकंदांचं काम आहे, पण मी स्वतः ते न करता सागवानाच्या दोन फळ्या वाया घालवल्या आहेत. एक चूक लपवायला दुसऱ्या दिवशी तुकडा फेविकॉलने परत चिकटवला. तो गिऱ्हाइकासमोरच निघाला.

जोड किती रुंद ठेवायचा? माझा ठोकताळा असा, की फळीच्या जाडीच्या निम्मा, पण तीन मिमीपेक्षा कमी कधीच नाही. सहा मिमी प्लायला तीन, बारा मिमीला सहा. अख्ख्या लाकडात आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे रेषे कोणत्या दिशेने आहेत. बारीक जोड रेषांच्या दिशेने असेल तर तग धरतो, आडवा असेल तर बिस्किटासारखा तुटतो. प्लायमध्ये थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, त्यामुळे ही भीती कमी. पहिल्या दहा कामांना प्लायच घ्या.

देवनागरीचं वेगळं गणित

इंग्रजीत नावाची पाटी करायची म्हटलं की प्रत्येक अक्षर सुटं होतं. ती शेजारी शेजारी चिकटवायची किंवा खाली पट्टी द्यायची. आपल्याकडे शिरोरेषा आहे. सगळी अक्षरं तिला टांगलेली. म्हणजे जोड लिपीतच फुकट मिळालेला आहे. पण तो कधी उपयोगी पडतो आणि कधी आडवा येतो, हे तुम्ही कशा प्रकारची पाटी करताय यावर ठरतं.

प्रकार दोन. एकात अक्षरं लाकडाची ठेवायची आणि आजूबाजूचं काढून टाकायचं, मग तो शब्द भिंतीवर लावायचा. याला आपण सुटी पाटी म्हणू. दुसऱ्यात फळी तशीच ठेवून अक्षरांच्या आकाराची भोकं पाडायची, मागे एलईडी पट्टी लावायची. ही जाळीची पाटी.

सुट्या पाटीत शिरोरेषा हा तुमचा कणा. ती आडवी असते, म्हणून फळीचे रेषेही आडवे ठेवा. काना आणि दंड उभे असतात, त्यांना रेषे आडवे पडतात, म्हणून बारीक वळणाचा फॉन्ट घेऊ नका. सुट्या पाटीत ‘प’, ‘म’, ‘स’ यांच्या पोटांची काळजी नाही, ती आपण कापून काढणारच आहोत. काळजी आहे ती वर तरंगणाऱ्या गोष्टींची. ‘संगमनेर’मधला अनुस्वार कशालाच चिकटलेला नाही. ‘श्रीगोंदा’मधला टिंबही बहुतेक फॉन्टमध्ये मात्रेशेजारी अधांतरी असतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ‘डॉ.’. चंद्र वेगळा, पूर्णविराम वेगळा. डॉक्टर आणि ‘ॲड.’ लावणारे वकील, पाट्या करून घेणारे गिऱ्हाईक तर हेच. टिंब थोडं खाली ओढून शिरोरेषेत दोन-तीन मिमी बुडवा, चंद्राचं बूड शिरोरेषेला टेकवा. पूर्णविरामाला मात्र आधार नाही. तो वेगळा कापून चिकटवा, नाहीतर गिऱ्हाइकाला विचारून गाळा.

जाळीच्या पाटीत सगळं उलटं होतं. अनुस्वार तिथे एक साधं गोल भोक, काही त्रास नाही. पोटं मात्र पडतात. ‘नगर’ सोपा का, तर ‘न’, ‘ग’, ‘र’ या तिघांनाही बंद पोट नाही. ‘पारनेर’मध्ये फक्त ‘प’चं एक. ‘नेवासा’मध्ये ‘व’ आणि ‘स’ अशी दोन. ‘राहुरी’मध्ये अक्षरं निर्धोक, पण ‘री’च्या वेलांटीची कमान बंद असेल तर तिच्या आत एक. ‘ब’ आणि ‘ष’च्या पोटात तिरकी रेघ असते, त्यामुळे एका अक्षरात दोन बेटं. याउलट ‘भ’ आणि ‘ध’ला डोक्यावर फट असते, म्हणून ते तिथूनच जोडलेले राहतात. लिपीने स्वतःच जोड सोडून दिलाय.

जाळीच्या पाटीत जोड कुठे द्यायचा? बरेच जण पोटाच्या मधोमध उभी पट्टी मारतात. त्यापेक्षा शिरोरेषा तोडा. ‘प’ किंवा ‘म’च्या बरोबर वर शिरोरेषेत तीन-चार मिमीची फट ठेवली की पोटातलं लाकूड वरच्या फळीला जोडलं जातं आणि अक्षर वाचायला अडत नाही. फक्त ‘म’च्या बाबतीत फट डाव्या कोपऱ्यात देऊ नका, तो ‘भ’ वाचला जाईल. मधोमध द्या. ‘व’ आणि ‘क’चं पोट शिरोरेषेपासून लांब असतं, तिथे गोलाच्या डाव्या बाजूला आडवी फट द्यावी लागते.

अजून एक. जाळीच्या पाटीत ‘ग’चा आकडा आणि दंड यांच्या मधला लाकडाचा भाग खालून जोडलेला असतो, पण तो लांब जिभेसारखा लोंबतो. पडत नाही, पण सँडपेपर मारताना तुटतो. अक्षर उंच असेल तर तिथेही एक फट द्यावी.

हाताने करायचं तर

हाताने काढलेलं डिझाइन कमी दर्जाचं असतं, हा गैरसमज काढून टाका. मखराच्या जाळीसाठी घडी घालून कापलेल्या कागदाइतकं सोपं दुसरं काही नाही. पताका कापतो तसंच. चौकोनी कागद चौघडी करा, मग तिरका दुमडा. घडीच्या कडेवर अर्धी पानं, अर्धे थेंब कापा. उलगडलं की आठ बाजूंची नक्षी तयार. यातली खरी गंमत अशी, की कागदातून काही पडायचं असेल तर ते कापतानाच पडतं. हातात जे उरलं ते लाकडातही उरणार. बादलीची गरजच नाही.

अक्षरं किंवा चित्र असेल तर आलेख कागद घ्या. एक सेंटिमीटरचा चौकोन धरून शिरोरेषा, अक्षराची उंची आणि जोडाची रुंदी आधी आखून घ्या. ठिपक्यांची रांगोळी ज्यांना येते त्यांना हे फार लवकर जमतं. ठिपके ठेवून रेघा वळवायची सवय असतेच. मूळ चित्र आलेख कागदावर, त्यावर बटर पेपर ठेवून स्वच्छ रेघ, आणि कापायला त्याची झेरॉक्स. मूळ कागद कधीही लाकडावर चिकटवायचा नाही, नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून.

पक्की खात्री करायची असेल तर झेरॉक्स जाड कार्डावर चिकटवून ब्लेडने कापून पाहा. कार्ड हातात धरून हलकं झटका. जे लटपटतं तिथे लाकूडही तुटेल.

फक्त फोन असेल तर

हाताने काढलेलं चित्र आधी फोनमध्ये घ्या. कॅमेऱ्याने साधा फोटो काढू नका, कडा तिरक्या येतात. गुगल ड्राइव्हच्या ॲपमध्ये कागदपत्र स्कॅन करायची सोय असते, ती चारी कोपरे सरळ करते आणि काळ्या-पांढऱ्याचा फिल्टरही देते.

चित्र काढायला आयबिस पेंटसारखं ॲप पुरेसं आहे. त्यात आरसा आणि कॅलिडोस्कोपची पट्टी मिळते. एका पाकळीत रेघ ओढली की बाकीच्या आपोआप उमटतात. मखराच्या जाळीला हे वरदान आहे. कॅनव्हास सुरुवातीलाच ए-४ मापाचा घ्या, २४८० बाय ३५०८ पिक्सेल, म्हणजे छापताना इंचाला ३०० ठिपके पडतात. लहान कॅनव्हासवर काढून नंतर मोठं केलं की कडा जिन्यासारख्या होतात.

मग बादलीची परीक्षा. आणि त्यानंतर, लागलंच तर, ब्राउझरमध्ये फोटोपी उघडा. ही वेबसाइट फोनवरही चालते. तिच्यात थ्रेशोल्ड म्हणून एक पर्याय आहे, तो करड्या रंगाच्या सगळ्या छटा मारून नुसतं काळं-पांढरं करतो. पट्टी सरकवत राहा, बारीक जोड तुटायच्या आत थांबा.

कॉम्प्युटर असेल तर इंकस्केप

इंकस्केप हे मोफत सॉफ्टवेअर आहे. पिक्सेलऐवजी ते रेघा साठवतं, त्यामुळे पाटी सहा इंचाची असो की सहा फुटांची, कडा स्वच्छच राहतात. सीएनसी किंवा लेझरवाल्याला फाइल द्यायची असेल तर त्यालाही अशीच रेघांची फाइल लागते.

सुरुवातीलाच डॉक्युमेंटच्या सेटिंगमध्ये माप मिलिमीटर करून घ्या. मग मजकूर टाइप करा. युनिकोडमध्येच. जुन्या डीटीपीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर पुढच्या कॉम्प्युटरवर उघडला की अक्षरांची खिचडी होते. फॉन्टसाठी गुगल फॉन्ट्सवर एक टाइप या मुंबईच्या संस्थेचे मुक्त आणि बलू पाहा. दोन्ही मोफत आहेत आणि विकायच्या पाटीवर वापरायला परवानगी आहे. मुक्त अगदी बारीक ते खूप ठसठशीत अशा सात वजनांत मिळतो, पाटीला त्यातलं शेवटचं किंवा त्याच्या आधीचं घ्या. बलू मुळातच गुबगुबीत आणि गोल टोकांचा आहे. पात्याला गोल टोकं आवडतात. काही फॉन्टमध्ये मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ वेगळा दिलेला असतो, मजकुराची भाषा मराठी केल्यावरच तो दिसतो. अहिल्यानगर लिहिताना तेवढं तपासा.

अक्षरं मनासारखी झाली की पाथ मेनूतलं ‘ऑब्जेक्ट टू पाथ’. आता तो मजकूर राहिला नाही, आकार झाला. ही पायरी गाळून फाइल दिली तर सीएनसीवाल्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसतो, आणि वेलांटी भलतीकडे जाऊन बसते. ‘हि’चं ‘ही’ झालं तर एकवेळ चालेल, तिथे काय वाट्टेल ते होतं. पुढे ग्रुप सोडवा आणि सगळे आकार निवडून ‘युनियन’ करा, म्हणजे शिरोरेषेचे वेगवेगळे तुकडे एकसंध होतील. हे न केल्यास प्रत्येक अक्षराच्या सीमेवर एक उभी रेघ राहते आणि कापणारा बिचारा तीही कापतो.

टिंब जोडायचं तर ते खाली ओढा आणि पुन्हा युनियन. जाळीच्या पाटीत फट हवी तर तिथे चार मिमीचा आयत काढा, तो वर ठेवून अक्षर आणि आयत दोन्ही निवडा, आणि ‘डिफरन्स’ म्हणा. शेवटी आतला भरलेला रंग काढून नुसती कडेची रेघ ठेवा, जाडी पाव मिमी.

फोटोवरून आकार काढायला ‘ट्रेस बिटमॅप’ आहे. त्यात नवख्यांचे दोन घोटाळे होतात. एक, ट्रेस झाल्यावर मूळ फोटो खाली तसाच राहतो, नवा आकार बाजूला सरकवून तो पुसायचा असतो. दोन, रेघांचं चित्र ट्रेस केलं तर प्रत्येक रेघेच्या दोन्ही कडा मिळतात, म्हणजे एका रेघेच्या दोन रेघा. अशा वेळी पेनच्या साधनाने फोटोवरून स्वतः गिरवलेलं बरं.

चांदबीबी महाल कापून पाहा

सरावाला एक चांगला विषय आपल्या जिल्ह्यातच आहे. शहराच्या पूर्वेला, पाथर्डीच्या वाटेवर डोंगरावर जी इमारत दिसते तिला सगळे चांदबीबी महाल म्हणतात. प्रत्यक्षात ती निजामशाहीतल्या सलाबत खानाची कबर. अष्टकोनी, तीन मजली, कमानींनी भरलेली. स्क्रोल सॉसाठी ती जणू मुद्दाम बांधल्यासारखी आहे. प्रत्येक कमान म्हणजे एक भोक, दोन कमानींमधला खांब म्हणजे जोड, आणि खालचा डोंगर म्हणजे फळीचा भक्कम पाया. समोरून दिसतात तेवढ्या कमानी मोजा, तेवढ्या वेळा पातं ओवायचंय. पहिल्यांदा करत असाल तर खालच्या मजल्याच्याच कमानी कापा, वरच्या नुसत्या जळक्या पेनने रंगवा. कुणाला कळत नाही.

फोटो डोंगराच्या पायथ्यापासून, दुपार टळल्यावर घ्या, म्हणजे मागे मोकळं आकाश येतं आणि थ्रेशोल्डला सोपं जातं.

किल्ल्याजवळची दमडी मशीद मात्र नवशिक्याला फसवते. १५६७ च्या सुमाराची ही छोटीशी मशीद दगडी कोरीव कामासाठी ओळखली जाते. फोटो काढून ट्रेस केला की स्क्रीनवर फार छान दिसतं. पण दगडातलं ते काम उठावाचं आहे. फोटोत जे काळं दिसतं ती सावली आहे, भोक नाही. सकाळी फोटो काढला तर सावली एका बाजूला, संध्याकाळी दुसऱ्या बाजूला. सॉफ्टवेअरला हे कळत नाही, ते सावलीलाच भोक समजतं. अशा नक्षीसाठी फोटो खाली ठेवून हाताने गिरवायचं आणि प्रत्येक रेघेला स्वतःला विचारायचं, इथे लाकूड ठेवायचंय की काढायचंय. वेळखाऊ आहे, पण नक्षी समजते ती तेव्हाच.

याच प्रश्नाला एआयने काढलेल्या चित्रांमध्येही तोंड द्यावं लागतं. ‘स्क्रोल सॉ पॅटर्न, गणपती’ असं लिहिलं की झकास चित्र येतं. पण त्यात करड्या छटा असतात, सोंडेजवळ पाच-सहा बेटं तरंगत असतात, आणि देवनागरी अक्षरं असतील तर ती नीट वाचून घ्या. कल्पना म्हणून वापरायला हरकत नाही. बादली ओतल्याशिवाय लाकडाला लावू नका.

चौदा तालुक्यांचं कोडं

आतापर्यंत सगळा जीव जोड वाचवण्यात गेला. एक काम असं आहे जिथे एकही जोड नको असतो, ते म्हणजे जिगसॉ कोडं. लंडनच्या जॉन स्पिल्सबरीने १७६० च्या दशकात मुलांना भूगोल शिकवायला लाकडावर चिकटवलेला नकाशा देशांच्या सीमांवरून कापून विकला, तिथून हा खेळ सुरू झाला असं मानतात. आपल्या जिल्ह्यात अकोल्यापासून जामखेडपर्यंत चौदा तालुके आहेत. नकाशा लाकडावर कापला तर शाळेला द्यायला छान भेट होते.

इथे दोन शेजारी तालुक्यांची सीमा एकच रेघ असली पाहिजे. प्रत्येक तालुका वेगळा गिरवला तर सीमेवर दोन रेघा येतात आणि मधे लाकडाची काडी सुटते. शिवाय खऱ्या सीमेत बारीक दातरे फार असतात, पातं तिथे अडखळतं. इंकस्केपमध्ये पेनने ठळक वळणं गिरवा, किंवा रेघ निवडून ‘सिम्प्लिफाय’ एक-दोनदा वापरा. जास्त वापरलं तर संगमनेरचा बटाटा होतो. बारीक निमुळती टोकं गोल करा, नाहीतर लहान मुलांच्या हातात ती पहिल्याच दिवशी मोडतात. भोकं पाडायची गरज नाही, बाहेरच्या कडेने आत शिरायचं आणि सीमेसीमेने फिरायचं.

छापताना होणारी चूक

सगळं बरोबर केलं आणि झेरॉक्सच्या दुकानात घोटाळा झाला, असं फार वेळा होतं. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की तो लहान होतो. पीडीएफ करून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. छापताना ‘फिट टू पेज’ सुरू असेल तर माप बदलतं, ‘ॲक्च्युअल साइज’ किंवा शंभर टक्के सांगा. आणि दुकानदारावर विसंबू नका. डिझाइनच्या कोपऱ्यात बरोबर १०० मिमीची एक रेघ काढून ठेवा. छापलेल्या कागदावर पट्टी लावली आणि ती शंभर भरली की पैसे द्यायचे.

मोठं मखर असेल तर ॲक्रोबॅट रीडरच्या छपाईत पोस्टर नावाचा पर्याय आहे. तो एक डिझाइन अनेक ए-४ वर विभागून देतो, जुळवायला खुणाही देतो.

कागद सरळ लाकडावर चिकटवला तर काढताना जीव जातो. आधी फळीवर मास्किंग टेप लावा, तिच्यावर ग्लू स्टिकने कागद, आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी. ती चिकटपट्टी पात्याला थोडा गुळगुळीतपणा देते, लाकूड जळून काळं कमी पडतं. कापून झालं की सगळं एकदम सोलून निघतं. एमडीएफ कापताना तोंडाला मास्क लावाच, त्याचा भुसा पिठासारखा बारीक असतो आणि त्यात डिंकाची रसायनं असतात. डोळ्यांवर चष्मा.

आतली भोकं आधी, बाहेरची कड सगळ्यात शेवटी. बाहेरची आधी कापली तर धरायला फळीच उरत नाही.

सीएनसीवाल्याकडे देणार असाल तर एवढं विचारा, की बिट किती मिमीचा. तीन मिमीचा बिट आतला कोपरा दीड मिमीच्या त्रिज्येने गोल करतो, टोकदार कोपरा त्याला जमत नाही. लेझरला जमतो, पण कडा काळ्या येतात. स्क्रोल सॉचं पातं जागच्या जागी वळतं, म्हणून ‘र’चं टोक त्यात जसं येतं तसं बाकी दोघांत येत नाही.

फाइल जपून ठेवताना नावात माप आणि जाडी लिहा, ‘संगमनेर_सुटी_४००_६मिमी’ असं काहीतरी. सहा मिमीसाठी काढलेले तीन मिमीचे जोड पुढच्या वर्षी कुणीतरी अठरा मिमी सागवानात कापायला मागतं, आणि तेव्हा फोनमध्ये नुसतं ‘फायनल_नवीन_२’ सापडतं.